रिकाम्या तराजूचा रविवार

२ फेब्रुवारी

धाकट्या,

वकिलाच्या हाती कागद पाठवलास, स्वतः आला नाहीस. बिचारा दारात उभा राहून सारखा घाम पुसत होता. त्याला आधी पाणी दिलं, मग कागद वाचला. सही केली नाही, हे त्यानं तुला सांगितलं असेलच. का केली नाही ते त्याला सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. फोन केला असता, पण तो तू मधेच ठेवतोस. पत्र मधेच ठेवलंस तरी उरलेलं तिथेच राहतं.

बाबांनी हा निधी का ठेवला ते तू विसरलास की विसरल्याचं सोंग करतोस, मला कळत नाही. जन्मभर त्यांनी वजनकाटे बनवले. वाण्याच्या दुकानापासून औषधांच्या कारखान्यापर्यंत जिथे जिथे काही तोललं जायचं, तिथे आपल्या घरचा काटा. आणि म्हातारपणी एक दिवस जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, ''आयुष्यभर मी वजन मोजलं, पण वस्तूला वजन का असतं हे काही मला कुणी सांगितलं नाही.'' तू हसलास. मी हसले नाही, कारण त्याच प्रश्नाचा मी अभ्यास करत होते. त्यातून हे सगळं झालं. जुना कारखाना त्यांनी संशोधनासाठी रिकामा केला, नव्याची अर्धी मालकी निधीला दिली आणि करारात ते एक कलम घातलं, ज्यावर तेव्हाचा वकीलही ओठ दाबून हसला होता: इथे काम करणाऱ्याला 'याचा उपयोग काय' असं कुणी कधी विचारायचं नाही.

बदल करायचा तर आपल्या दोघांच्या सह्या लागतात. बाबा आपल्याला चांगलंच ओळखून होते.

आता तुझा कागद म्हणतो, सगळा निधी इस्पितळाला द्यावा, काडीला झालेल्या आजारावर संशोधन करायला. तुझी लेक आहे, तिच्या हृदयाचे स्नायू विरत चाललेत, डॉक्टरांनी हात टेकलेत. तुझ्या जागी मी असते तर मीही असाच कागद केला असता. पण मी तुझ्या जागी नाही. इस्पितळाला सरकार आहे, औषध कंपन्या आहेत, देणगी देऊन दारावर नाव लावून घेणारे तर पैशाला पासरी आहेत. या तीन मजल्यांना मात्र बाबांखेरीज कुणी वाली नव्हता. तळघरात माझा तराजू, मधल्या मजल्यावर शेवाळाचा अभ्यास करणारी बाई, वर तो गणिती. आम्हाला उद्या बाहेर काढलंस तर जगात कुणालाही चुकल्यासारखं वाटणार नाही, आणि नेमकं म्हणूनच बाबांनी आम्हाला ठेवलं.

काडी माझ्याकडे आहे म्हणून तुझा जळफळाट होतो, तेही मला कळतं. ती स्वतःच्या पायांनी आली. मी बोलावलं नव्हतं.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र म्हणजे चार ओळी, आणि चारही ओळींत 'तिला परत पाठव'. ती काय पार्सल आहे का? तिला विचारलं. ती म्हणाली, ''आत्या, बाबांच्या घरी सगळे माझ्याकडे बघत बसतात. इथे कुणाला माझ्याकडे बघायला वेळ नाही. मला बरं वाटतं.'' हे मी तुला लागावं म्हणून लिहीत नाही. लागेल, हे माहीत आहे.

वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिची कॉट टाकली आहे. सकाळी ती माझी आकडेमोड तपासते. मला वाटायचं माझं गणित चोख आहे. या पोरीनं दोन आठवड्यांत माझी जी अब्रू काढली आहे, ती सांगण्यासारखी नाही. दुपारी झोपते. गोळ्या वेळच्या वेळी घेते, मी समोर उभी राहून घ्यायला लावते. गणिती येऊन तिच्याशी पत्ते खेळतो आणि हरतो. तो मुद्दाम हरतो असा तिला संशय आहे, पण मी त्याला ओळखते, त्याला खरंच पत्ते येत नाहीत.

तू विचारलंस, ती तळघरात तर जात नाही ना? नाही जात. पायऱ्या उंच आहेत, खाली गारठा असतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस. खालच्या कामाला मी एक मदतनीस ठेवली आहे.

आणि कृपा करून 'तू दगड आहेस' हे परत लिहू नकोस. तिची आई गेली तेव्हा शाळेच्या पहिल्या दिवशी तिचं बोट कुणी धरलं होतं, ते आठव. तू कारखान्यात होतास. मी तक्रार करत नाही, कुणीतरी कारखाना चालवायलाच हवा होता, त्याच्यावरच तर आम्ही जगतो.

काल तिनं मला एक सांगितलं, ते तुला कळायला हवं. मी तुझा कागद तिच्या हाती दिला. तिच्या नावानं भांडण चाललंय तर तिनं ते वाचलेलं बरं. तिनं शांतपणे वाचला आणि म्हणाली, ''औषध निघायला वीस-पंचवीस वर्षं लागतील. निघालं तर चांगलंच, पण ते माझं औषध नाही. तुझा तराजू मात्र या उन्हाळ्यात संपेल. मला काहीतरी संपलेलं बघायचंय, आत्या.''

मी चहा करायला उठले, दुसरं काय करणार.

ताई

१० मार्च

धाकट्या,

तू येऊन गेलास. काडीनं छान केस विंचरले होते, तू म्हणालास तिचा चेहरा सुधारलाय, ती हसली, मीही मान हलवली. तुला मी तळघर दाखवायला निघाले तर तू म्हणालास, ''मला काय कळणार त्यातलं?'' आणि गाडीत जाऊन बसलास. बाबांचा मुलगा आणि वजनाचं काही कळणार नाही म्हणतो. म्हणून आता लिहूनच दाखवते.

खाली दोन खोल्या आहेत. आतली बंद. तिच्यात केसाहून बारीक काचेच्या धाग्यावर एक आडवी कांडी टांगली आहे, कांडीच्या दोन टोकांना दोन लहान गोळे. त्यांच्या शेजारी शिशाचे दोन मोठे गोळे नेऊन ठेवले की लहान गोळे त्यांच्याकडे ओढले जातात. कांडी इतकी थोडी वळते की डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिच्यावरच्या आरशानं ते कळतं आणि वर माझ्या टेबलावर एक पेन कागदावर रेघ ओढत जातं. एका वस्तूची दुसऱ्या वस्तूला ओढ किती, एवढाच सगळा खटाटोप. जगात ज्यांनी ज्यांनी ती मोजली त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. चांगल्या चांगल्यांचे जुळत नाहीत. कुणाचं तरी कुठेतरी चुकतंय, आणि ते शोधायला घाई नसलेलं माणूस लागतं.

बाहेरच्या खोलीत, मधल्या भिंतीला लागून एक स्टूल आहे. त्यावर माणूस बसतो आणि दांडा फिरवून मोठे गोळे हलवतो. भिंतीवर लाल दिवा आहे. दिवा लागला की मोजणी चालू. तेव्हा हलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. दिवा विझला की हातपाय मोकळे करायचे, दांडा फिरवायचा, परत दिवा लागायची वाट बघायची. डोक्याशी घंटेची दोरी आहे, पण ती ओढली की भिंत हादरते, धागा पिळवटतो आणि तो दिवस वाया जातो. त्यामुळे घर पेटल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आता यातली खरी गंमत ऐक. बसणाऱ्या माणसालाही वजन असतं. तो भिंतीशी बसला की कांडी त्याच्याकडेही ओढली जाते, अगदी जराशी. म्हणून खाली जाण्याआधी प्रत्येकाला बाबांच्या जुन्या काट्यावर उभं राहावं लागतं आणि वजन दाराच्या चौकटीवर खडूनं लिहावं लागतं. मग गणितातून तेवढं वजा करायचं. बाबांचा काटा अजून खोटं बोलत नाही.

माझ्या मदतनीसाचं वजन सारखं उतरतंय. दर आठवड्याला दुरुस्ती करावी लागते. बाकी पोरगी अशी की दिवा लागला म्हणजे श्वाससुद्धा विचारून घेते. इतकी स्थिर बसणारी मी दुसरी पाहिली नाही.

तू सहीसाठी पुन्हा वकील पाठवणार असशील तर त्याला छत्री घेऊन पाठव. गणिती खिडकीतून चहाचा चोथा फेकतो आणि खाली कोण आहे ते बघत नाही.

ताई

रविवार, ७ एप्रिल

धाकट्या,

आज मी खुशीत आहे, त्यामुळे तुझ्याशी भांडणार नाही. दुपार आहे, समोर पेन चाललंय आणि मी एका डोळ्यानं रेघेकडे बघत दुसऱ्यानं हे लिहितेय.

रविवारी समोरच्या गोदामाच्या लॉऱ्या बंद असतात, म्हणून आमची महत्त्वाची मोजणी रविवारी. आणि आजचा रविवार सगळ्यांत महत्त्वाचा. शिशाचे गोळे बाहेर काढून ठेवलेत. तराजू रिकामा. काहीच ओढायला नसताना कांडी कुठे थांबते, हे ठरल्याशिवाय बाकीच्या सगळ्या आकड्यांना काही अर्थ नाही. फक्त स्टुलावर माणूस हवा, कारण एरवी तो असतोच. आज दांडा फिरवायचा नाही, काही करायचं नाही. नुसतं बसायचं. याला काय काम म्हणायचं, एखाद्या आजाऱ्यालाही जमेल.

जेवणानंतर थोडी गंमत झाली. रेघेत चुळबूळ दिसायला लागली. आधी मला राग आला, पण नीट बघितलं तर प्रत्येक चुळबूळ दिवा विझलेला असताना. दिवा लागला की रेघ स्तब्ध. मोजणीला जरासुद्धा धक्का नाही. शिस्त म्हणजे शिस्त, पोरगी गुणी आहे. मग रेघ भिंतीच्या बाजूकडून हळूहळू सुटत गेली. एकदा, परत एकदा, परत एकदा, प्रत्येक वेळी दिवा विझल्यावरच. म्हणजे ती स्टुलावरून उठून लांब गेली असणार. न विचारता उठली म्हणून मी खाली जाऊन कान धरणार होते. पण जिन्यावर पाय टाकला तरी रेघेत दिसतो, आणि रेघ बघून माझा पायच निघेना.

कारण त्यानंतर जी रेघ आली आहे ना, तशी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. पट्टीनं ओढल्यासारखी. खाली कुणी नसावंच अशी. आणि त्यातून आमचा एक मोठा पेच सुटला. बसलेल्या माणसाची ओढ आजवर आम्ही नुसती हिशेबानं काढत होतो, आता माणूस असतानाची आणि नसतानाची अशा दोन्ही रेघा एकाच दिवशी मिळाल्या. ती वर आली की आधी रागावणार आहे आणि मग तिला जवळ घेणार आहे.

हे तुला अशासाठी लिहिते की एकदा तरी ये आणि ही रेघ बघ. उपयोग विचारू नकोस. नुसती बघ. मग सहीचं काय ते बोलू. आज मी कशालाही हो म्हणेन अशी भीती मला वाटतेय.

गणिती फिरायला निघालाय. त्याच्या हाती हे पत्र पेटीत टाकायला देते.

ताई

२५ एप्रिल

धाकट्या,

फोनवर तुला मी 'काडी गेली' एवढंच सांगितलं आणि तू एवढंच ऐकलंस. नंतरचे दोन दिवस आपण एका घरात होतो. तू माझ्याशी बोलला नाहीस, मीही तुझ्याशी बोलले नाही. लोक येऊन पाठीवर हात ठेवून जात होते. तुला मी ताटाशी बसवलं, तू उठून गेलास. जाताना तू दाराच्या चौकटीपाशी थांबलास आणि खडूनं लिहिलेली वजनं वाचलीस. वरपासून खालपर्यंत. तिथे नाव लिहीत नाही आम्ही, नुसतं वजन आणि वार. पण तुला कळलं. मी बघत होते.

हो. मदतनीस तीच होती. दुसरी कुणी कधीच नव्हती.

मी तुला खोटं लिहिलं. तिनं सांगितलं म्हणून लिहिलं, असं म्हणून सुटता येईल, आणि ते खरंही आहे. ती म्हणाली, ''बाबांना कळलं तर ते मला उचलून नेतील, आणि मग मी त्यांच्या गेस्टरूममध्ये मरेन.'' पण ती आजारी होती आणि मी नव्हते. खोटं मी लिहिलं. आणि तिच्याइतकं नीट बसणारं मला कुणी मिळालं नसतं, हेही खरं आहे. दोन्ही कारणं एकत्र होती. कुठलं जास्त जड होतं ते मला विचारू नकोस, मी स्वतःलाही विचारलेलं नाही.

पायऱ्या मी तिला हाताला धरून उतरवायचे. खाली हीटर लावता येत नाही, उष्णतेनं धागा बिघडतो, म्हणून तिच्या अंगावर माझा कोट आणि बाबांचा कोट. त्या रविवारी सकाळी ती काट्यावर उभी राहिली आणि आकडा बघून म्हणाली, ''आत्या, अजून दोन महिने थांबलीस तर मला वजाच करावं लागणार नाही.'' मी तिला चापट मारली. हळूच.

संध्याकाळी दिवा कायमचा विझवला, मोजणी संपली, आणि ती वर आली नाही. मला वाटलं रागावण्याच्या भीतीनं बसली असेल. मी हाकसुद्धा मारली नाही. तळघराकडे हाक मारायची सवयच नाही आमच्याकडे कुणाला. गणिती फिरून आला, त्यानं विचारलं काडी कुठे, पत्ते पिसून ठेवलेत. तो खाली गेला. त्यानं मात्र हाक मारली, मला. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

ती स्टुलापाशी नव्हती. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे जुन्या वजनांची खोकी रचली आहेत, त्या कोपऱ्यात होती. दोन्ही कोट अंगावर होते.

डॉक्टरनं तुला माझ्यासमोर सांगितलं, ''हृदय एकदम थांबलं. क्षणात. काही कळलंसुद्धा नसेल.'' तू मान हलवलीस. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो चांगला माणूस आहे, त्याला वाईट वाटत होतं. तुला धरायला तेवढं एक वाक्य मिळालं होतं, ते मी कशाला हिसकावून घेऊ?

तिचं कपाट, तिचे कपडे, पत्ते, सगळं बांधून पाठवते. पत्ते नाही पाठवत. ते गणिती मागतोय.

ताई

१६ मे

धाकट्या,

तुझं पत्र आलं. दोनच ओळींचं. ''डॉक्टर म्हणतात क्षणात गेली. ७ तारखेचं तुझं पत्र मी आज उघडलं. खरं काय ते लिही.''

ते पत्र तू इतके दिवस उघडलंच नव्हतंस हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तू वाचलंयस आणि म्हणून बोलत नाहीस. टपालात मधेच हरवावं म्हणून मी काय काय मनात आणलं ते सांगत नाही. ते लिहिताना मला रेघ कळत होती आणि दुसरं काहीही कळत नव्हतं.

आधी दुसरं आटोपते. तुझ्या कागदावर मी सही केली आहे, सोबत आहे. तुझं पटलं म्हणून नाही. आजही मला वाटतं की बाबांचं बरोबर होतं आणि तुझा कागद चूक आहे. पण त्या जिन्यावरून मला आता उतरता येत नाही. इस्पितळाला दे. गणिती आणि शेवाळाची बाई यांना म्हातारपणापर्यंत पुरेल एवढं मात्र बाजूला ठेव, त्यांनी काही केलेलं नाही. गणितीला तर माझ्याकडे बघवतच नाही, जिन्यात भेटला की भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

मोजणी पूर्ण झाली. त्या रविवारशिवाय ती पूर्ण होत नव्हती. तो दिवस टाकून द्यावा असं मी ठरवलं होतं, आठवडाभर ठरवत होते. मग मी ती वर्ष-दीड वर्षाची सगळी मोजमापं पुढ्यात घेऊन बसले आणि तिचं वाक्य आठवलं, काहीतरी संपलेलं बघायचंय. मी तो रविवार घेतला. आकडा आला. चांगला आहे. जगात आठ-दहा माणसं तो वाचतील आणि त्यातली दोघं तरी माझ्यावर उखडतील. त्यांना उत्तर द्यायची मला इच्छा राहिली नाही, कागद तेवढे पाठवून देईन.

पण तो रविवार गणितात घ्यायचा म्हणजे त्या दुपारी कुठल्या वेळी ती खोलीत कुठे होती, हे काढावं लागतं. वजन चौकटीवर होतंच. रेघ भिंतीपासून किती सुटली यावरून ती किती लांब गेली ते निघतं. डॉक्टरला जे सांगता येत नाही ते मला सांगता येतं. तू जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल काही विचारलंस, आणि विचारलंस ते हे. तेव्हा उत्तर देते. खोटं देणार होते. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. पण तुझ्याकडे ते पत्र आहे, आणि तू बाबांचा मुलगा आहेस, तुला मोजता येतं.

क्षणात गेली नाही.

जेवणानंतर तिला दुखायला लागलं असणार. तेव्हाची चुळबूळ ती. घंटेची दोरी तिच्या डोक्यापाशी होती, हात वर केला असता तर पोचला असता. ती ओढलेली नाही. ओढली असती तर रेघेवर डोंगर दिसला असता, तिथे काहीच नाही. तिनं मला आधी एकदा विचारलं होतं, ''मला चक्कर आली तर?'' मी म्हटलं, ''घंटा वाजव.'' ''आणि तुझा रविवार?'' मी म्हटलं, ''तो गेला समजायचं.'' तेव्हा ती हसत म्हणाली, ''मग त्यापेक्षा मी लांब कोपऱ्यात जाऊन पडेन, तुझ्या रेघेला माझा भार नको.'' मीही हसले. तिनं थट्टा केली असं मला वाटलं. घरात आम्ही सगळे अशीच थट्टा करायचो.

स्टुलापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलं तर काहीच नाही, तू दोन-चार ढांगांत पोचशील. तिला दुपारचा बराचसा भाग लागला. ती जमिनीवरून सरकत गेली. मधे मधे थांबत. मी आधी समजले की दमून थांबत असेल, आणि तसं असतं तर मला थोडं बरं वाटलं असतं. पण थांबण्याच्या वेळा मी दिव्याच्या वेळांशी लावून बघितल्या.

सगळ्या जुळतात. दिवा विझला की ती सरकायची. दिवा लागला की थांबायची, धाकट्या. कोपऱ्यात पोचेपर्यंत एकदासुद्धा चुकली नाही.

ताई